उभ्या गाडीचा धूर

सुखदेव,

रविवारी सकाळी तुझी गाडी माझ्या दुकानासमोर येऊन थांबली आणि मी सवयीनं ड्रायव्हरच्या खिडकीकडे पाहिलं. तुला जाऊन तेव्हा सतरा दिवस झाले होते. स्टेअरिंगवर तुझा मेहुणा होता, शेजारी शकूवहिनी, मागच्या सीटवर किरनापूरचे एक मास्तर. मास्तरांना गाडी घ्यायची होती. प्रदूषण तपासणीची चिठ्ठी कधीच संपलेली, तेवढी नवी करून दिली की व्यवहार झाला, असं मेहुण्यानं सांगितलं. वहिनी पिशवी मांडीवर धरून बसल्या होत्या. मी मशीनवरचं कापड काढलं, नळी हातात घेतली, आणि माझ्या मागून तू म्हणालास, "लिही."

मागे कोणी नव्हतं. मागे भिंत आहे, तुला माहीत आहे. पण तू गेल्यापासून हे असंच चाललं आहे. डिझेलच्या धुराचा वास येतो म्हणून मी उठून बाहेर जातो, तर रस्त्यावरून एखादी सायकल चाललेली असते. घरी बायको म्हणते, नाकाच्या डॉक्टरला दाखवा. नाक ठीक आहे, हे तिला कसं सांगू?

तुझ्या शोकसभेत मला पुढे केलं. "अरुणभाऊ, तुमचा जुना दोस्त, दोन शब्द बोला." मी म्हणालो की सुखदेव फार मोठा कारागीर होता, आणि बसलो. खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. अर्धं खरं लिहून देण्यात माझी सगळी उमर गेली. उरलेलं अर्धं आता लिहितो आहे, आणि तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगावं हे मला कळत नाही.

तुला आठवतं का, नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझं मशीन आलं तो दिवस? सरकारी नोकरीच्या परीक्षेत तीनदा नापास झालेला मी, कोषागारातल्या हेडक्लार्कचा मुलगा, गाड्यांचा धूर मोजायला बसलो होतो. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. रस्त्यापलीकडे तुझं डिझेल पंपाचं दुकान होतं. तू हात पुसत आलास, मशीनभोवती दोनदा फिरलास आणि खिशातून पांढरं फडकं काढलंस. एका जीपच्या सायलेन्सरवर ते धरलंस, ॲक्सिलरेटर दाबायला लावलंस, फडक्यावरचा काळा गोल पाहिलास आणि एक आकडा बोललास. मग मी नळी घातली. माझ्या मशीननं जवळजवळ तोच आकडा छापला. "येवढ्या मोठ्या डब्ब्यात माह्यं फडकंच हाये न गड्या," तू म्हणालास. मला राग आला होता. दुसऱ्या दिवशी तूच चहा घेऊन आलास, आणि पुढे वर्षानुवर्षं आपला चहा एका किटलीतला होता.

आपल्याकडे चाचणीची एक रीत होती. बाहेरच्या माणसाला ती सांगायची सोय नाही, पण गावात ती कोणाला ठाऊक नव्हती? गाडी आधी तुझ्याकडे यायची. तू पंपाचा स्क्रू अर्धा आटा आत घ्यायचास. डिझेल कमी, धूर कमी. मग गाडी रस्ता ओलांडून माझ्याकडे यायची, मी नळी घालायचो, तू बाजूला उभा राहून म्हणायचास, "लिही," आणि मी लिहायचो. चिठ्ठी घेऊन गाडी परत तुझ्याकडे. अर्धा आटा बाहेर. कारण त्या अर्ध्या आट्याशिवाय बैहरचा घाट भरल्या गाडीला चढत नाही, हे ड्रायव्हरला माहीत होतं, तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं. फोटोपुरता पोराचा भांग पाडावा, तसं आपल्याला ते वाटायचं. त्यात पाप आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनात कधीकधी यायचं, पण मी ते बसू द्यायचो नाही.

मग लांजीच्या लाईनवर सवाऱ्या न्यायला तू नवी गाडी घेतलीस. तिच्या पंपाला स्क्रूच नव्हता. डिझेल किती सोडायचं ते सीटखालचा एक बंद डबा ठरवत होता. मी तुला चिडवलं, मिस्त्री, तुझी रोजी खाणार हा डबा. तू हसलास. "खाऊ दे. कंपनीनं सारं पक्कं करून देल्लं. आता अर्ध्या आट्याची लबाडी नाई." लबाडी हा शब्द मी तुझ्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. म्हणजे तुझ्याही मनात यायचं तर. स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाला लावल्याशिवाय तू सख्ख्या भावाच्या ट्रॅक्टरवरही विश्वास ठेवला नव्हतास, आणि कंपनीच्या गुळगुळीत कागदावर मात्र डोळे झाकून ठेवलास. तू घेतली म्हणून लांजीच्या लाईनवरच्या आणखी तिघांनी तीच गाडी घेतली. सुखदेव मिस्त्रीनं पाहून घेतली आहे, एवढं त्यांना पुरलं.

पहिल्या चाचणीला फडकं पांढरंच राहिलं. माझ्या मशीनचा आकडाही इतका खाली की मी नळी काढून परत घातली. "लिही," तू म्हणालास. मुलाचा पहिला नंबर आल्यासारखा तू त्या दिवशी दिसत होतास. मी लिहिलं.

पावसाळा गेला आणि लोक बोलायला लागले. मागच्या सीटवरची बाई किरनापूर येईपर्यंत पदर नाकावरून काढत नाही. लेकरं खोकतात. मागून येणारा मोटरसायकलवाला शिव्या देत पुढे जातो. तू गाडी बाजूला घेऊन थांबायचास, उतरून मागे जायचास, मेहुण्याला ॲक्सिलरेटर दाबायला सांगायचास. काही नाही. स्वच्छ. परत निघालास की परत तेच. कित्येक दिवस तू कोणाला काही सांगितलं नाहीस. मग एकदा चहा पिताना म्हणालास की आता माझा कान गेला बहुतेक. तुझं ते वाक्य मला अजून सोसत नाही. आयुष्यभराच्या कारागिरानं गाडीवर शंका घेण्याआधी स्वतःवर घेतली.

मी स्कूटरवरून तुझ्या मागे घाटापर्यंत आलो होतो. परतलो तेव्हा माझं तोंड कोळशानं घासल्यासारखं झालं होतं आणि तू हसायच्या ऐवजी माझ्याकडे नुसता पाहत राहिलास. दुकानात येऊन मशीन लावलं. आकडा तोच, तळाला. मी म्हणालो, डिझेलमध्ये रॉकेल असेल. तू पंप बदललास, मग पुन्हा बदललास. समोर पाहिलं की नाहीसा होणारा तो धूर तू दोन महिने शोधत होतास.

आणि एका दुपारी तू मला हाक मारलीस. गाडीची मागची चाकं तू जॅकवर उचलली होतीस, पुढच्यांना दगड लावले होते. फडकं माझ्या हातात देऊन आधी नुसतं ॲक्सिलरेटर दाबलंस. फडकं पांढरं. मग गिअर टाकलास. चाकं हवेत फिरायला लागली, तू परत दाबलंस, आणि धुराचा लोट निघाला तो थेट तुझ्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर. फडकं काळं. तू तीनदा करून दाखवलंस. तिन्ही वेळा चाक थांबलं की पांढरं, फिरलं की काळं. मग वाकून तू मला एक वायर दाखवलीस, चाकांकडून निघून त्या बंद डब्यात जाणारी.

"डब्ब्याले समजते का गाडी उभी हाये का चालून राह्यली," तू म्हणालास. "उभी असली का थो शाणा होते. तपासणारा उभीच तपासते न."

कंपनीनंच अर्धा आटा आत घेऊन ठेवला होता. तोही असा, की गाडी उभी राहिली की आपोआप आत, आणि चालली की आपोआप बाहेर.

तू कंपनीला पत्र लिहिलंस. सोबत ते काळं फडकं टाचणीनं लावलंस. त्यांचे एक साहेब आले, गाडी उभी करून तपासली, चहा पिऊन गेले. चाकं उचला म्हणून तू त्यांच्यामागे स्टेशनापर्यंत गेलास, पण त्यांची आगगाडी सुटायची होती. मग उत्तर आलं. ते तू माझ्या टेबलावर ठेवलंस आणि उभा राहिलास. सदर वाहन आपल्याच शहरातील मान्यताप्राप्त केंद्रात तपासणीत उत्तीर्ण झालेले असून वाहनात दोष नाही. खाली पुराव्याची झेरॉक्स होती. माझी चिठ्ठी. माझा शिक्का, माझी सही, आणि सहीखाली मी ऐटीत ओढतो ती रेघ. ज्या दिवशी तू आनंदानं "लिही" म्हणाला होतास, त्या दिवसाची.

तू मला बोल लावला नाहीस. एवढंच मागितलंस की दोन्ही आकडे लिहून दे. उभी असताना एवढा, चाक फिरताना एवढा. तुझं मशीन, तुझी सही. म्हणजे बाकी तिघांच्याही गाड्यांचं काही होईल. ते माझ्या भरवशावर फसले आहेत, असं तू म्हणालास. मी सांगितलं, नियम उभ्या गाडीचा आहे. फॉर्मवर चालत्या गाडीचा रकानाच नाही. हे खरं होतं, आणि हे कारण नव्हतं. कारण हे होतं की एक चिठ्ठी कोणी उघडून पाहिली की आधीच्याही पाहतील, आणि आधीच्या सगळ्या अर्ध्या आट्याच्या. चोराच्या मनात चांदणं. तुला ते कळलं होतं. मला वाटतं मी बोलायच्या आधीच कळलं होतं.

आपलं एकमेव खरं भांडण त्या दिवशी झालं. मी तुला जे बोललो ते आता शब्दाला शब्द आठवतं. मी म्हणालो, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! जन्मभर अर्धा आटा कोणी फिरवला? तू की मी? कंपनीनं तेच केलं तर तुला एकदम धर्म आठवला काय?

तू फडक्याची घडी घातलीस. मग म्हणालास, "म्या फिरवला थो गाडीवाल्याच्या डोळ्यासमोर फिरवला. त्याले माहीत होतं आपण काय घेऊन चाललो. मले कोणी सांगतलं का?" आणि दाराशी जाऊन परत वळलास. "पर तू बरोबर बोलून राह्यला. मागं बसलेल्या लेकराले काय फरक पडते, कोणी फिरवला थे."

दुसऱ्या दिवसापासून तू अर्धा आटा बंद केलास. लोकांनी आधी मस्करी केली, मग ते बसस्टँडजवळच्या दुसऱ्या मिस्त्रीकडे जायला लागले. तिथून गाड्या भांग पाडून माझ्याकडे येत होत्या आणि मी लिहीत होतो. तू रस्त्यापलीकडून पाहत होतास. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. किटली एकच राहिली, चहाही रोजचा, पण तू माझ्या दुकानात उभा राहून पुन्हा कधी "लिही" म्हणाला नाहीस. त्या तिघांनी हळूच आपापल्या गाड्या विकल्या. चिठ्ठ्या माझ्याच होत्या. तू मात्र आपली गाडी लाईनवरून काढून अंगणात उभी केलीस. विकून टाक, असं तुला कोण म्हणालं नाही? "आता मले माहीत हाये न," तू म्हणायचास. "माहीत असून दुसऱ्याच्या गळ्यात कशी बांधू?" वहिनी दोन वर्षं शिवणाचं मशीन दिवसभर चालवत होत्या, हेही मला दिसत होतं.

आणि आता ते, जे मी शोकसभेत बोललो नाही, घरी बोललो नाही. तू गेलास त्या दुपारी तू बाकावर बसून नोझल पुसत होतास. मी तुला छाती चोळताना पाहिलं. एकदा, मग परत. माझ्यासमोर भरवेलीच्या खाणीवरचा एक ट्रक होता, अर्धा आटा आत घेऊन आलेला. मी मनात म्हटलं, हे संपवून जाऊन येतो. चिठ्ठी पूर्ण केली, शिक्का मारला, सही केली, सहीखाली रेघ ओढली. मान वर केली तेव्हा तू बाकावर आडवा होतास आणि नोझल खाली पडलं होतं. रस्ता किती? वीस पावलं. जिल्हा रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले की अटॅक मोठा होता, पाच मिनिटं आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता. ते मला धीर द्यायला म्हणाले की खरंच, हे मला कधी कळणार नाही. त्या ट्रकचा नंबर मात्र मला पाठ झाला आहे.

तर रविवारी. मी नळी घातली, मेहुण्यानं ॲक्सिलरेटर दाबलं, मशीननं आकडा छापला. तळाचा. "झालं?" मेहुण्यानं विचारलं. मास्तर समाधानानं टायर दाबून पाहत होते. मी पेन उघडलं आणि वहिनींनी पिशवीतून एक फडकं काढून माझ्यापुढे धरलं. धुतलेलं, इस्त्री केलेलं, तुझ्या घडीचं.

"गिऱ्हाईक भावानं आणलं, भाऊजी. म्या नाई बोलावलं," त्या म्हणाल्या. "ह्यांनी मले सांगून ठेवलं होतं. अरुण एक दिवस लिहून देईन. तवापर्यंत गाडी विकू नोको."

सुखदेव, तू हे मला का सांगितलं नाहीस? रोज किटलीतून चहा ओतत होतास, माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढत होतास, आणि वाट पाहत होतास. एकदा शिवी दिली असतीस तरी मला सोपं गेलं असतं. पण मी लिहीन असं तू मागे सांगून ठेवलंस, तेही अशा घरात जिथे ती गाडी विकली जायची गरज होती. माझ्यावर इतका भरवसा माझ्या वडिलांनीही ठेवला नव्हता. याबद्दल तुझे उपकार मानू की तुझ्याशी भांडू, हे मी अजून ठरवलेलं नाही.

मी तुझ्या दुकानातून जॅक आणला. चाकं उचलली. मेहुण्यानं कुरकुरत गिअर टाकला. फडकं मी स्वतः धरलं आणि ते काळं झालं. मग नळी. मशीननं दुसरा आकडा छापला, पहिल्याच्या कितीतरी वर. फॉर्मवर रकाना नव्हताच, म्हणून मी मोकळ्या जागेत हातानं लिहिलं: गाडी उभी असताना धूर एवढा, चाके फिरत असताना एवढा; दोन्ही वेळा मी स्वतः तपासले. सही केली. रेघ ओढली नाही.

मास्तरांनी कागद दोनदा वाचला. ते वाईट माणूस नव्हते. "भाईसाहब, धुआँ तो हर गाड़ी देती है," ते म्हणाले, "आप लिखते क्यों हैं?" मी पेनाला टोपण लावलं. ते बसनं परत गेले. मेहुणा त्यांना थांबवायला स्टँडपर्यंत मागे गेला आणि तिकडूनच घरी निघून गेला. वहिनी पायरीवर बसल्या होत्या.

"आता ही कोणीच घेणार नाई न, भाऊजी?"

"नाही घेणार, वहिनी."

त्या म्हणाल्या, "हौ. मंग घरी नेऊन उभी करा." तुझी गाडी मी चालवत नेली. आरशात मागचा रस्ता दिसत नव्हता.

काल मी तीन प्रती केल्या. एक कंपनीला, काळं फडकं टाचणीनं लावून, तुझ्यासारखंच. दुसरी परवाना देणाऱ्या कार्यालयाला, आणि तिच्यासोबत चार पानं अर्ध्या आट्याची, माझ्या नावानं. तुझं नाव घातल्याशिवाय ते पुरं होत नव्हतं, म्हणून घातलं. तू घाल म्हणाला असतास. केंद्र राहील असं वाटत नाही. बायकोला सांगितलं तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात गेली. तिसरी प्रत वहिनींना दिली. त्यांनी ती तुझ्या फोटोमागे ठेवली. कंपनीचं उत्तर येईल की नाही, आणि आलं तर वहिनींच्या हाती काही पडेल की नाही, हे मला ठाऊक नाही. लांजीची ती तीन गाडीवाली माणसं मी शोधायला निघणार आहे. त्यांच्याकडून ज्यांनी घेतल्या, त्यांनाही.

पोस्टातून परत येताना तुझ्या दुकानाचं शटर उघडून आत गेलो. चावी वहिनींनीच दिली होती. तुझा बाक आहे, स्क्रू-ड्रायव्हर खिळ्याला आहे. मागच्या भिंतीवर त्या दुपारचा काळा डाग तसाच आहे, तू तो पुसला नाहीस. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "लिहिलं, सुखदेव."

तू काहीतरी म्हणशील म्हणून मी थोडा वेळ थांबलो. मग शटर ओढून घेतलं.